मेधाचं पोवळं

"नाही भाजायचं," प्रबोध म्हणाला.

सिंगापूरच्या पाया लेबार भागातल्या स्टुडिओत टेबलावर त्याच्या बायकोचं, मेधाचं शेवटचं काम होतं. समुद्रातल्या प्रवाळासारखं, नारळाएवढं मातीचं पोवळं, अंगभर बोटांनी दाबलेले खळगे. मेधा ऑक्टोबरमध्ये गेली. पोवळं तसंच कच्चं राहिलं. आता तिच्या जपानी शिक्षिका, नोरिकोसान, स्टुडिओ बंद करून परत निघाल्या होत्या. शेवटची भट्टी आज लागणार होती.

"कच्ची माती टिकणार नाही," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "दर शनिवारी तुम्ही येऊन हात लावता. कडा झिजल्यात, बघा."

"भाजल्यावर आकसेल ना?"

"थोडं. दहात एक भाग."

"म्हणजे तिची बोटंही आकसणार."

मुलगी जाई दाराशी उभी होती. "बाबा, प्लीज ला," ती सिंगापुरी ढंगात म्हणाली. "घरी नेलंस तर आठवड्यात भुगा करशील. आईने तुला हातसुद्धा लावू दिला नसता."

प्रबोधने एका खळग्यात बोट ठेवलं. तो एवढ्यासाठीच यायचा. कपड्यांचा वास उडून गेला होता. फोनमधला आवाज ऐकवत नव्हता. हे एवढंच उरलं होतं.

नोरिकोसान स्टूल ओढून त्याच्यासमोर बसल्या.

"हे खळगे मेधाचे नाहीत," त्या म्हणाल्या. "माझे आहेत."

त्याने मान वर केली.

"मे महिन्यात तिची बोटं बधिर झाली. मातीत किती रुतली ते तिला कळेना. ती शेजारी बसून सांगायची, इथे, आता इथे. मी दाबायचे. मानेचं दुखणं आहे, जाईल, म्हणायची. घरी सांगू नका म्हणाली."

प्रबोधने बोट काढून घेतलं. थोड्या वेळाने पोवळं त्यांच्याकडे सरकवलं.

मेंदूतली गाठ सप्टेंबरमध्ये सापडली. तोवर मेधाला नीट बोलता येत नव्हतं. हात कधीपासून बधिर आहे, असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा प्रबोधनेच उत्तर दिलं होतं. आठ-दहा दिवस.

मे महिन्यापासून घरात विकतच्या पोळ्या येत होत्या. "आळशी झालीस," तो म्हणाला होता.

मेधा हसून "हो" म्हणाली होती.