दसऱ्याचा रंग

चार्जिंग होतंय का बघायला इंजिन चालू ठेवूनच मी बॅटरीची वायर काढायला गेलो, तेवढ्यात वायरमन मुनीरचाचांनी पान्यानं माझा हात मागं सारला. "ही तुझी जुनी गाडी नाही, बजरंगा! चालू गाडीची बॅटरी काढलीस तर कॉम्प्युटर जळेल."

दसऱ्यापासून माझ्या ट्रकची बॅटरी रोज उतरायची. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर नवा बसवला, तरी डॅशबोर्डवरचा लाल दिवा जाईना. कॉम्प्युटरच गेलाय असं सगळे म्हणाले. तो बदलायचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून मी गाडी विकायला काढली होती. गिऱ्हाईक दुपारी येणार होतं.

चाचांनी मीटर लावला. अल्टरनेटर अठ्ठावीस व्होल्ट देत होता, पण बॅटरीपर्यंत पंचवीससुद्धा पोचत नव्हते. इंजिन बंद करायला लावून ते पुटपुटत गाडीखाली शिरले आणि चेसिसला जोडलेली अर्थिंगची जाड वायर त्यांनी खोलली.

"इथं रंग कुणी लावला?"

"मीच. पूजेच्या आधी सगळं खोलून दोन हात दिले," मी जरा ऐटीतच सांगितलं.

"आणि रंगावरच वायर आवळलीस, शहाण्या! रंगातून करंट जातो होय?"

त्यांनी पॉलिश पेपरनं रुपयाएवढी जागा घासून लोखंड उघडं केलं, वायर आवळली आणि मला स्टार्टर मारायला सांगितलं. लाल दिवा विझला. मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मग गिऱ्हाइकाला फोन लावला. "येऊ नका. गाडी विकायची नाही."

चाचा हात पुसत म्हणाले, "पुढच्या दसऱ्याला एवढ्या जागेला नुसतं हळदकुंकू लाव."