बरणीतलं प्रवाळ

"बाई, प्रवाळ पुन्हा वाढायला लागलंय, असं कालच्या तासाला तुम्हीच म्हणालात ना?" कोळीवाड्याच्या शाळेतून रोशनी तांडेलने पडद्यावर विचारलं. संशोधन जहाजावरून गवाणकरबाई रोज या वर्गाला शिकवत. पण काल बोट लागल्यामुळे त्या दिवसभर केबिनमध्ये आडव्या होत्या. तास झालाच नव्हता.

तास संपताच त्या तडक मोहिमेचे प्रमुख डॉ. पारनेरकर यांच्याकडे गेल्या.

"तुमच्या प्रतिमेनं घेतला तास," ते सहज म्हणाले. "तुम्ही आजारी असलात की यंत्र तुमच्या चेहऱ्यानं, तुमच्याच आवाजात शिकवतं. मुलांचं नुकसान नको."

"पण प्रवाळ तर मरतंय. मग माझ्या तोंडून खोटं का?"

"मुलं घाबरतात हो, बाई." पारनेरकरांनी नजर वळवली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतः तास घेतला. त्याच सकाळी समुद्रतळावरून काढलेला प्रवाळाचा तुकडा त्यांनी मागून आणला होता, पांढराफटक. बरणी कॅमेऱ्यासमोर धरून त्या म्हणाल्या, "नीट बघा. हे मेलंय."

वर्गाने टाळ्या वाजवल्या.

"बाई, कसला भारी गुलाबी रंग आहे!" रोशनी ओरडली. "आणि आज तुम्ही किती हसताय!"

बाई हसत नव्हत्या. म्हणजे त्या स्वतः बोलत असतानाही यंत्र मुलांना दुसरंच काही दाखवत होतं. त्यांनी कॅमेरा बंद केला, बरणी साडीत गुंडाळली, बॅगेत ठेवून कुलूप लावलं. बंदर यायला अजून अकरा दिवस होते. बरणी मुलांना प्रत्यक्ष दाखवेपर्यंत ही बॅग त्या कुणाच्या हाती देणार नव्हत्या.