ओठांचा चंबू

ट्युनिशियातल्या ततावीन गावच्या मेहर्जियाला नवऱ्याकडे जर्मनीला जायचं, तर जर्मन भाषेची परीक्षा पास होणं भाग होतं. दोनदा ती आपटली होती. उद्या तिसरी खेप. जेवणासाठी कुसकुसचा रवा वाफवताना ओठांचा चंबू करून ती तिथले स्वर घोटे, तेव्हा सासूला वाटे, सून रुसली.

फोनवर नवरा, बेल्गासेम, रोज मास्तरकी करी. आजही सुरू झाला.

"चूक! परत म्हण. दोन सोपी वाक्यं म्हणता येईनात होय तुला?"

ती थकून म्हणाली, "बाबा रे, तिथली माणसं हा स्वर कसा काढतात, तेवढं एकदा म्हणून दाखव."

"मला काय ठाऊक? इथे गोदामात सगळे आपल्या ततावीनचेच. तू पास हो बाई लवकर. चार वर्षं पाठ दुखतेय, डॉक्टरला सांगणार कोण?"