चार दारांचं कपाट

"बाबा, आई गेली," असं लेकीनं हॉस्पिटलमधून फोनवर सांगितलं, तेव्हा सुतार घरच्या कपाटाचं पहिलं दार बसवत होता. बिजागरीचे दोन स्क्रू लागले होते, दोन राहिले होते. तसंच सोडलं असतं तर दार निखळलं असतं. त्यानं राहिलेले दोन पिळले, हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि चपला शोधायला लागला.

त्याला चार महिने झाले. उरलेली तीन दारं, मापात कापायची राहिलेली, भिंतीला टेकून उभी होती.

रविवारी सकाळी लेक आणि जावई आले. जावई कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. सुतारानं त्याला बस म्हणायच्या आत विचारलं, "जावईबापू, आवाज डोक्याबाहेर काढता येतो का?"

"कुणाचा?"

"तुमच्या सासूबाईंचा."

जावयानं बायकोकडे पाहिलं. तिनं खांदे उडवले.

हात थरथरायला लागल्यापासून सुताराची बायको मापं लिहीत नसे. पलंगावर बसून ती कॉम्प्युटरवर बोलून ठेवायची. लग्नानंतर एकतीस वर्षांनी घरात कपाट होत होतं. "गावाला दारं आणि स्वतःच्या घरात दोरीवर कपडे," असं तिनं इतकी वर्षं ऐकवलं होतं. चारही दारांचं तिनं बोलून ठेवलं होतं. सुतारानं पहिल्या दारापुरतं ऐकलं होतं आणि लगेच करवत घेतली होती. पुढचं त्यानं अजून ऐकलं नव्हतं. हेडफोन घातला की आवाज कवटीच्या आत यायचा, दोन कानांच्या अगदी मधोमध. चार शब्द झाले की तो बंद करायचा.

"ती अशी डोक्यात शिरून बोलत नव्हती," तो म्हणाला. "पलंगावरून बोलायची. तिथून बोलली तर मला काम करता येईल."

"मापं परत घ्या की, बाबा," लेक म्हणाली. "कपाट इथंच आहे, टेप खिशात आहे."

"मापं घेतलेली आहेत."

"मग स्पीकर आणूया."

"स्पीकर टेबलावर ठेवतात. तुझी आई टेबलावर कधी बसली?"

जावयानं तोवर एक प्रोग्रॅम टाकला होता. पडद्यावर एक गोल आला, मधे वरून दिसणारं डोकं, आणि गोलावर एक टिंब. "हाच साधा हेडफोन चालेल," तो म्हणाला. "एका कानाला आवाज केसभर आधी आणि जरा मोठा पोचवायचा. मग वाटतं, त्याच बाजूनं आला."

"म्हणजे कानांना फसवायचं."

"तसंच."

"फसवा."

सुतारानं खुर्चीपासून पलंगावरच्या उशीपर्यंत टेप धरली. "सात फूट दोन इंच. मागं, उजव्या अंगाला."

"इतकं नेमकं नाही लागत, बाबा."

"मला लागतं."

जावयानं टिंब मागं उजवीकडे ओढलं. सुतारानं हेडफोन घातला, ऐकलं आणि डावीकडे बोट दाखवलं. "खिडकीतून येतेय. तिथं ती बसायचीच नाही, वारा लागायचा तिला."

टिंब आणखी उजवीकडे गेलं. आवाज खिडकी सोडेना. जावयानं हेडफोन स्वतः घालून पाहिला. "मला तर बरोबर पलंगावरून ऐकू येतोय."

"मग तुमच्याशीच बोलत असेल. जावयाचं कौतुक भारी होतं तिला."

पुन्हा हेडफोन सुताराच्या डोक्यावर गेला. लेक जवळ आली. तिनं त्याच्या उजव्या कानाशी वाकून पाहिलं, हेडफोन जरा उचलला आणि कानामागून लाल चपटी पेन्सिल ओढून काढली.

"हिच्यामुळे. हा कान उघडाच राहतोय, सगळा आवाज बाहेर."

सुतारानं कान चाचपला. "राहिली होय," तो म्हणाला. एवढी वर्षं तो झोपण्याआधी ती पेन्सिल कुणीतरी काढून ठेवत असे.

"आता मान वळवू नका हं, बाबा," जावई म्हणाला. "तुम्ही वळलात की आवाजही तुमच्याबरोबर फिरेल. पलंगावर राहणार नाही."

"कशाला वळू? ती बोलताना मी कधी वळलो होतो?"

त्यानं बटण दाबलं आणि कपाटाकडे तोंड करून बसला. सात फुटांवरून, मागून, उजव्या बाजूनं ती बोलायला लागली.

"पहिलं दार. उंची पाच फूट चार, रुंदी एक फूट दोन. दुसरं तेवढंच. तिसरं अर्ध्या सुतानं कमी, भिंत तिकडे वाकडी आहे. चौथं..." ती खोकली. पाण्याचा पेला ठेवल्याचा आवाज आला. "चौथं दुसऱ्यासारखंच. आणि ऐका, पहिल्या दाराच्या बिजागऱ्या पलंगाच्या बाजूनं लावू नका. उघडलं की माझ्या पायांवर येईल. तुम्ही लावून मोकळे झाला असाल म्हणा. पुरतं ऐकायची सवय कुठाय? ऐकताय ना?"

"हो," सुतार म्हणाला.

पुढं काही नव्हतं.

"आला का पलंगावरून?" लेकीनं विचारलं.

त्यानं मान डोलावली. हेडफोन काढला आणि पेन्सिल मागायला हात पुढं केला. मग उठून पहिलं दार उघडलं. ते पलंगाच्या कडेला आपटलं. त्यानं पेचकस घेतला आणि आधी त्या दिवशी फोननंतर पिळलेले ते दोन स्क्रू काढले, मग बाकीचे. जावयानं दार खालून धरलं. दोघांनी ते उचलून इतर तिन्हींशेजारी भिंतीला टेकवलं.

आता चारही दारं बसवायची होती.