बाण नसलेली दरी

पडद्यावरचा पिवळा बाण दरीच्या तोंडाशी आला आणि नाहीसा झाला. मोठ्या नकाशावरचे सातही ठिपके जागच्या जागी अडखळले. नकाशेवाला गालातल्या गालात हसला.

"बघा साहेब, आता मेंढरं कशी बावरतात ते."

एकेक ठिपका म्हणजे शेजारच्या खोलीत बसून गेम खेळणारा एकेक माणूस. ठिपका जिथे थांबेल, तिथे नकाशा हळूहळू लाल होत जायचा.

पुढच्या वर्षी बाजारात येणाऱ्या या गेमचं अख्खं जग नकाशेवाल्याने काढलेलं होतं. डोंगर त्याचे, नद्या त्याच्या, गावं त्याची. खेळणाऱ्याने हवं तिकडे भटकावं, चुकावं, परत यावं, असा त्याचा बेत. पण कंपनीच्या साहेबांनी त्यावर जागोजागी बाण डकवले. इथे वळा, तिथे चढा, ही पेटी उघडा. ते बघून तो चिडायचा. माणसाला एवढं जग द्यायचं आणि वर कडेवर घेऊन फिरवायचं! त्याला साहेबांची कीव यायची आणि खेळणाऱ्यांची त्याहून जास्त. घास भरवल्याशिवाय ज्यांचं तोंड उघडत नाही, अशा लोकांसाठी आपण राबतो, हे तो रोज कोणाला ना कोणाला ऐकवायचा.

भांडून भांडून त्याने एक दरी वाचवली होती. तिथे बाण नव्हता, खूण नव्हती, पेटी नव्हती. नुसतं गवत, वारा आणि खाली लांबवर पाण्याची एक रेघ. कोणीतरी इथे यावं, थांबावं आणि उगाच बघत राहावं, एवढीच त्याची आशा होती. ही आशा सांगताना मात्र तो कोणाला हिणवत नसे.

आज त्या दरीचा फैसला होता. कोणी तिथे रमलं, तर साहेब सगळ्या नकाशावरचे बाण उतरवणार होते. नाही रमलं, तर दरीत दुकानं बसणार होती.

खेळणारे सगळे घरचेच होते. बाहेरचे बोलावले तर बातमी फुटेल, म्हणून ज्याने त्याने घरचं एक माणूस आणावं, असं साहेबांचं फर्मान होतं. कोणाची वहिनी आली होती, कोणाचा आतेभाऊ, साहेबांची मेहुणी. नकाशेवाल्याच्या बायकोने आपल्या वडिलांना धाडलं. "बाबा घरी कंटाळतात, ने त्यांना," म्हणाली. तो मनातून चरफडला. साधा फोन उचलताना दोन्ही हात लावणारा माणूस हा! सकाळी त्याने सासऱ्यांना एका खुर्चीत बसवलं, बाणामागे कसं चालायचं ते दाखवलं आणि चारचौघांत बजावलं, की हे तुमचं काम नव्हे, काही बिघडलं तर उगाच कशाला हात लावू नका, नुसते बसून राहा. म्हाताऱ्याने मान डोलावली आणि चष्मा पुसला.

दरीत आता नुसता गोंधळ चालला होता. एक नंबर स्वतःभोवती गिरक्या घेत होता. दोन नंबर कड्यावरून पडला, उठला आणि पुन्हा तिथूनच पडला. तिघांनी सरळ पाठ फिरवून बाण असलेलं गाव गाठलं. भिंतीपलीकडून मेहुणीचा आवाज आला, "अगं बाई, इथे एकही दुकान नाही?"

"गाढवापुढे वाचली गीता," नकाशेवाला पुटपुटला. दोन नंबर नक्की आपले सासरेबुवा, हे त्याने मनाशी ठरवूनही टाकलं.

"आणि हा?" साहेबांनी बोट दाखवलं.

सात नंबर हलला नव्हता. दरीच्या अगदी काठावर तो उभा होता. बाकीचे निघून गेले, खेळ सोडून चहाला उठले, तरी तो तिथेच. त्याच्या पायाखालचा नकाशा गुलाबी झाला, लाल झाला, मग लालभडक झाला.

"करतोय काय हा?"

"बघतोय," नकाशेवाला म्हणाला. त्याने खुर्ची पडद्याजवळ ओढली. "शंभरात एखादा असतो साहेब, डोळे असलेला. त्याच्यासाठीच तर हा सगळा खटाटोप."

त्या लाल डागाकडे पाहत साहेबांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"काढा बाण. सगळे काढा. आणि चला, मला भेटायचंय या माणसाला."

शेजारची खोली रिकामी झाली होती. फक्त शेवटच्या खुर्चीत सासरे ताठ बसले होते. कंट्रोलर समोरच्या टेबलावर, घडी घातलेल्या रुमालावर ठेवलेला. दोन्ही हात गुडघ्यांवर. पडद्यावर दरीतलं गवत डुलत होतं.

नकाशेवाला दोन पावलं पुढे झाला. इतकी वर्षं याच माणसाला आपण बिनकामाचा समजलो! त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षा आनंद जास्त झाला.

"साहेब, हे माझे सासरे," तो म्हणाला. लग्न झाल्यापासून हे वाक्य त्याने अभिमानाने पहिल्यांदाच उच्चारलं होतं.

साहेब अदबीने वाकले. "बाबा, एवढा वेळ काय बघत होतात?"

सासरे धडपडत उठले. त्यांनी साहेबांकडे पाहिलंच नाही, ओशाळून जावयाकडे पाहिलं.

"बघतोय कसलं? तो बाण गेला हो मधेच. म्हटलं, माझ्या हातून काहीतरी मोडलं. तुम्हीच बजावलं होतंत ना जावईबापू, बिघडलं तर कशाला हात लावू नका, नुसते बसून राहा... बसलोय केव्हाचा."