हरेल त्याने भांडी घासायची

जेवण झालं की एकसारख्या अक्षरांनी सुरू होणारे अवघड इंग्रजी शब्द एकमेकांना विचारायचे आणि हरेल त्याने भांडी घासायची, हा बापलेकीचा जुना नियम. बाबांनी जन्मभर इंग्रजी शिकवलेलं, त्यामुळे भांडी कायम लेकीच्याच वाट्याला. पण तिची परीक्षा जवळ आली आणि बाबा हरायला लागले.

"आज 'ऑब'चे शब्द. ऑब्ड्युरेट?"

"हट्टी... बहुतेक."

"ऑब्सिक्वियस?"

बाबा रिकामी वाटी चमच्याने ढवळत राहिले.

"लाळघोट्या! अहो, तुमच्या हेडसरांना तुम्हीच म्हणायचात की!" ती हसली. "मला अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून मुद्दाम हरताय. मला कळत नाही होय?"

बाबाही हसले आणि ताटं उचलून आत गेले. तिने पुस्तक उघडलं. आत नळ वाहत होता, पण भांड्यांचा आवाज काही येईना. शेवटी ती उठून बघायला गेली.

हातात साबण लावलेली घासणी धरून बाबा ताटांसमोर उभे होते. तिला पाहून त्यांनी ओशाळून, हळूच विचारलं, "बाळा, हिने काय करायचं असतं गं?"