पाच टाक्यांचं अक्षर

शेवटचा टाका बंद करून उनानं लोकर तोडली आणि मफलर क्लेमच्या मांडीवर ठेवला.

“डोळे मीट. बोटानं बघ.”

क्लेम नुसता हसला. गेले काही महिने तिनं काहीही विचारलं की तो असाच हसायचा. डॉक्टर दाराबाहेर मुलीला हळूच सांगत होते, ते उनानं ऐकलं होतं: आता आठवण परत येणार नाही. पन्नास वर्षांचा संसार, आणि नवऱ्यानं आपल्याला ओळखू नये!

पण बोटं विसरत नाहीत, अशी तिची खात्री होती. तरुणपणी ती ओमारू गावच्या तारघरात कामाला होती, तो ड्युनेडिन शहराच्या. तार कागदी पट्टीवर भोकांनी उमटायची, एका अक्षराला पाच जागा; भोक किंवा कोरं, एवढंच यंत्राला कळे. नातवंडांच्या संगणकातही खेळ तोच, जागा तेवढ्या वाढल्या. तेव्हा दोघंही पट्टी बोटांखालून सरकवत मजकूर वाचायचे. काय दिवस होते ते!

मफलरात उलटा टाका म्हणजे भोक, सुलटा म्हणजे कोरं. एके ठिकाणी ती चुकली. पण पाडलेलं भोक कधी बुजवता येतं? तारघरात पाचही भोकं पाडून चुकलेलं अक्षर खोडत. तिनंही वरून गाठी मारून पाचही जागा भरल्या.

क्लेमचं बोट सरकू लागलं. “क्लेम... मी उना... धक्क्यावर...” खोडलेलं अक्षर येण्याआधीच त्यानं बोट उचललं आणि पलीकडे टेकवलं. “...भेट.”

उनाला रडू फुटलं. “तुला पाठवलेला माझा पहिला निरोप! तू तळलेले मासे आणलेस, आणि निम्मे समुद्रपक्ष्यांनी पळवले.”

“पक्ष्यांनी कुठले? खाल्लेस तू, नाव त्यांचं!”

“लबाडा, आठवतंय की तुला सगळं!” तिनं त्याचा हात गालाशी धरला. कित्येक दिवसांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

संध्याकाळी क्लेमनं टोपी घातली, मफलर गळ्यात गुंडाळला. परिचारिका मालियानं त्याच्यासाठी दार उघडलं.

“हाही घरी नेणार?”

“मग? बाकीच्या मफलरांशेजारी टांगतो. चूकही सगळ्यांत त्याच जागी. उद्या येतोच.”

दार लागलं. उनानं टोपलीतून नवी लोकर काढली. क्लेम बिचारा सगळं विसरत चाललाय. त्याला बोटांनी वाचता येईल असा एक मफलर विणला तर, असं आज पहिल्यांदाच तिच्या मनात आलं.